मामाच्या गिटारला चपडा लाख

वेंगुर्ल्यात लोखंड फार काळ लोखंड राहत नाही. खिडकीचे गज, सायकलची चेन, पंप-स्विचच्या डब्यातले स्क्रू, सगळं सावकाश खाऱ्या हवेच्या नावावर चढतं. त्यामुळे मामाची इलेक्ट्रिक गिटार माळ्यावरून खाली घेतली तेव्हा मला लाकडापेक्षा धातूचीच धास्ती होती, आणि ती खरी निघाली. तारा सोडवाव्या लागल्याच नाहीत, हात लावला तशा तुटल्या. ब्रिजवर, म्हणजे अंगावर तारा जिथे टेकतात त्या पट्टीवर, तारांची उंची ठरवणारे बारीक स्क्रू आपापल्या सॅडलमध्ये, म्हणजे प्रत्येक तारेखालच्या छोट्या टेकूत, रुतून बसले होते. आवाजाची मूठ फिरत नव्हती, टोनची फिरायची पण तिच्या फिरण्याला काही अर्थ नव्हता.

गिटार म्हणजे फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरची देशी नक्कल. मूळ मॉडेल १९५४ सालचं, त्याच्या नकला जगभर झाल्या. ही कोणी बनवली ते कळायला मार्ग नाही, कारण हेडस्टॉकवरचं, म्हणजे मानेच्या टोकावरचं, नाव मामाच्या तरुणपणीच पुसलं गेलं. ८०च्या दशकात गणपतीत आणि जत्रांच्या दिवसांत तो ऑर्केस्ट्रात वाजवायचा. मग नोकरी, संसार, आणि गिटार माळ्यावर भाताच्या कणगीशेजारी. नळ्यांच्या छपराखाली पावसाळ्यात जो दमट उबारा साचतो तो तिने वर्षानुवर्षं खाल्ला.

जुनी गिटार हातात आली की लोक आधी रंगाचं बोलतात. "कोणता कलर मारणार?" हा प्रश्न मला शेजारच्या पोरापासून बँकेतल्या साहेबापर्यंत सगळ्यांनी विचारला. माझ्या मते रंग शेवटी. आधी वीज, मग मान, मग लाकूड. पिकप, म्हणजे तारांची थरथर विजेत उतरवणाऱ्या कॉइली, मेलेले असतील आणि मान वाकून उठलेली असेल तर चकाकणारी गिटार भिंतीवर टांगण्यापलीकडे कामाची नाही.

खोलण्याआधी प्रत्येक वायरीचे फोटो काढले. गंजलेल्या स्क्रूंना तेल पाजायची आपली सवय असते, पण लाकडात बसलेल्या स्क्रूला तेल द्यायचं नाही. ते लाकडात उतरतं आणि पुढे तिथे पॉलिश धरत नाही. त्यापेक्षा तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर थोडा वेळ टेकवून ठेवायचं. स्क्रू फुगतो, थंड होताना आकसतो आणि गंजाची पकड सुटते. मग पेचकस वरून जोरात दाबून आधी किंचित घट्ट करायच्या दिशेने आणि मग उलट. मानेचे चारही स्क्रू असे सुटले. सॅडलचे मात्र सुटण्यापलीकडे गेले होते. ते काढून टाकले आणि स्टेनलेसचे मागवले.

पिकपचं रहस्य मल्टिमीटरने लगेच उलगडतं. या जातीच्या पिकपच्या कॉइलचा रोध साधारण साडेपाच ते साडेसहा किलो-ओहमच्या आसपास असतो. मानेजवळचं ५.८ दाखवत होतं, ब्रिजजवळचं ६.१. मधलं काहीच दाखवेना, म्हणजे तार कुठेतरी तुटलेली. आता ही तार म्हणजे ०.०६३ मिलिमीटर जाडीची, एनॅमल चढवलेली तांब्याची, आणि एका कॉइलवर तिचे सात-आठ हजार वेढे. मी ते पिकप पंप आणि पंखे रिवाइंड करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडे नेलं. त्याने चष्मा कपाळावर सारला, परत डोळ्यांवर आणला आणि म्हणाला, "मी जन्मात एवढी बारीक तार बगूक नाय. ह्येका माझो हात लावलंय तर हुती तीपण जायत."

पण मी निघण्याआधी त्याने एक कामाची गोष्ट सांगितली. तार शक्यतो मधे तुटत नाही, जोडाजवळ तुटते. जिथे बारीक तार जाड वायरीला जोडलेली असते तिथे सोल्डरचा फ्लक्स (सोल्डर धरावं म्हणून लावतात तो चिकट पदार्थ) उरतो, त्यावर दमट खारी हवा बसते आणि तांबं हिरवं होऊन कुजतं. घरी येऊन भिंगाखाली पाहिलं तर बाहेरच्या टोकाच्या जोडावर अगदी तसाच हिरवा ठिपका. सुईने टोक उकललं, काही वेढे मोकळे करून चांगलं तांबं लागेपर्यंत मागे आलो, बारीक पॉलिश पेपरने एनॅमल खरवडलं आणि पंचवीस वॉटच्या आयर्नने नवा जोड दिला. मीटरवर आकडा आला तेव्हा मी घरात सगळ्यांना बोलावून दाखवला. कोणाला फारसं काही वाटलं नाही.

याच पिकपसाठी पुढचं काम मेणाचं. पॅराफिन मेणात थोडं मधमाशीचं मेण मिसळून त्यात कॉइल बुडवून ठेवतात. मेण वेढ्यांमधल्या फटींत शिरतं, वेढे थरथरत नाहीत आणि जोरात वाजवताना पिकप शिट्टी मारत नाही. आमच्याकडे याचा दुसरा फायदा जास्त मोलाचा: दमट हवेला आत जायला वाट उरत नाही. मेण थेट गॅसवर कधीही ठेवायचं नाही, पेट घेतं. पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापवायचं, त्यापुढे नाही, नाहीतर पिकपचं प्लास्टिक वाकडं होतं. बुडबुडे यायचे थांबले की बाहेर. मेण घरातल्या मेणबत्त्यांचंच वापरलं. ते भांडं आईने परत स्वयंपाकघरात घेतलं नाही.

मुठींमागचे पोटेन्शियोमीटर अडीचशे किलो-ओहमचे. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून फिरवत राहिल्यावर टोनचे दोन्ही जागे झाले. व्हॉल्यूमचा बदलावा लागला. कपॅसिटर बाजारातल्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात मिळाला. त्यावर ४७३ लिहिलेलं असलं की ०.०४७ मायक्रोफॅरड. गिटारचा म्हणून वेगळा खास कपॅसिटर विकतात आणि त्याची किंमत ऐकून हसू येतं. ऐकून फरक ओळखणारे कान असतील कोणाचे, माझे नाहीत.

स्विच जुना तीन घरांचा होता. स्ट्रॅटोकास्टरमध्ये मुळात तीनच जागा होत्या. दोन घरांच्या मध्ये स्विच अडकवून ठेवला की दोन पिकप एकदम वाजतात आणि पोकळ, घंटेसारखा आवाज निघतो, हे वाजवणाऱ्यांनी स्वतःच शोधलं. फेंडरने पाच घरांचा स्विच दिला तो १९७७मध्ये. मामाला विचारलं तर म्हणाला, "आमी काडयेपेटीची काडी घालून ठेवूचो." आणि खरंच, स्विचच्या खाचेत काडीचा तुकडा निघाला. नवा स्विच पाच घरांचा बसवला.

त्यासाठी मधल्या पिकपची दिशा बरोबर असणं महत्त्वाचं. दोन टोकांची अदलाबदल झाली तर दोन पिकप एकत्र लावल्यावर एकमेकांचा आवाज खातात आणि पत्र्याच्या डब्यासारखं किरटं काहीतरी ऐकू येतं. हे बंद करण्याआधीच तपासता येतं: काट्याचा मल्टिमीटर पिकपला जोडायचा, पेचकसचं लोखंड पिकपवर टेकवून झटकन उचलायचं आणि काटा कुठल्या बाजूला उडतो ते पाहायचं. तिन्हींचा काटा एकाच बाजूला उडाला पाहिजे. डिजिटल मीटरवर हे नीट दिसत नाही. काट्याचा मीटर त्याच रेडिओवाल्याकडे होता, धुळीने माखलेला पण प्रामाणिक.

ब्रिजच्या स्प्रिंगांच्या पट्टीला जाणारी अर्थची वायर तुटलेली होती. ती पट्टी जाड लोखंडाची, सगळी उष्णता पिऊन टाकते. तिथे साठ वॉटचं आयर्न लागलं. खोबणीला आतून तांब्याची पट्टी चिकटवून तीही अर्थला जोडली, कारण सिंगल कॉइल पिकप घरातल्या वायरिंगची पन्नास हर्ट्झची गुणगुण इमानदारीने पकडतात. जाता जाता सांगतो, जुन्या घरांत अर्थिंग नावालाच असतं. तारांना हात लावून अँपसमोर उभं राहण्याआधी प्लगची तिसरी पिन खरंच जमिनीला पोचते का हे वायरमनकडून बघून घ्यावं. गिटारच्या तारा अँपच्या बॉडीशी जोडलेल्या असतात, हे विसरायचं नाही.

आता लाकूड.

जुना रंग काय आहे हे ओळखायची पद्धत सोपी. मानेच्या खोबणीत, जिथे दिसत नाही तिथे, स्पिरिटचा थेंब टाकायचा. चिकट झालं तर लाख. नाही झालं तर थिनरचा थेंब. त्याने मऊ पडलं तर एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर, म्हणजे आपल्याकडचे गॅरेजवाले ज्याला ड्यूको म्हणतात त्या घराण्यातलं. दोन्हींना दाद दिली नाही तर पॉलिएस्टर किंवा पीयू (पॉलियुरेथेन). इथे थेंब तसाच वाळून गेला. पॉलिएस्टर, आणि तेही पुट्टीवर इतकं जाड की काठावर कपच्या उडालेल्या ठिकाणी थर मोजता येत होते: पुट्टी, पिवळा, तांबडा, काळा, वर काच.

अशा लेपाला पॉलिश पेपर घासत बसण्यात हशील नाही. हीट गन आणि बोथट पट्टी. एका जागी गन थांबवायची नाही, लेप फुगून सुटायला लागला की पट्टी खाली सरकवायची, मग तो पापुद्र्याने येतो. तोंडाला चांगला मास्क, काम खळ्यात, म्हणजे अंगणात, वारा पाठीकडून. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कपच्या गोळा करून बांधून टाकल्या. कोंबड्या खळ्यात फिरतात.

खालून लाकूड निघालं ते तीन तुकड्यांचं, फिकट तांबूस. आमच्या वाडीतल्या सुतारकाकांनी अंगठ्याचं नख रुतवलं, वास घेतला, हातात तोललं. "फणस न्हय, आंबो न्हय. ह्यां लाकूड हयचां नाय," एवढंच बोलले आणि विषय संपला. ब्रिजच्या स्क्रूंची भोकं मात्र मोठी होऊन भुसभुशीत झाली होती. त्यावर त्यांनीच फणसाच्या जुन्या चौकटीच्या तुकड्यातून बारीक मेखा काढून दिल्या. भोकं साफ करून त्यात सरसाने ठोकल्या, वाळल्यावर कापून सपाट केल्या आणि नव्याने बारीक ड्रिल मारलं. पिवळे ठिपके उघड्या लाकडात छान दिसत होते. ब्रिज बसल्यावर ते झाकले जाणार याचं थोडं वाईट वाटलं.

मग फिनिश कशाचं, हा खरा प्रश्न. इंटरनेटवरचे सगळे एनसी लॅकर सांगतात, कारण जुन्या अमेरिकन गिटारींवर तेच. आमच्याकडे गाड्यांना रंग मारणारा गॅरेजवाला स्प्रे गन घेऊन तयार होता. मी त्याला आधी एका फळीवर मारून दाखवायला सांगितलं. नवरात्राचे दिवस, पाऊस नुकता मागे सरलेला. फळी डोळ्यांदेखत दुधाळ झाली. थिनर भराभर उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली वाफ त्यावर बसून लेपात अडकते. सावकाश उडणारा थिनर मिसळून हे आवरता येतं, गॅरेजवाल्यालाही ते माहीत होतं. पण माझी अडचण वेगळी होती. उद्या त्यावर ओरखडा गेला, टवका उडाला, तर मी घरी काय करणार? पुन्हा कॉम्प्रेसर, पुन्हा त्याची वेळ. समुद्राकाठी कुठलंच फिनिश कायमचं टिकत नाही. मग जे माझ्या हाताने, पडवीत बसून, चिंधीने दुरुस्त होईल तेच बरं.

म्हणून लाख. सावंतवाडी आमच्यापासून लांब नाही आणि तिथल्या चितार आळीतली लाकडी खेळणी, फळं, पाट-चौरंग बघतच आम्ही मोठे झालो. तिथे कातावर फिरणाऱ्या लाकडाला लाखेची कांडी टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेनेच लाख वितळून चढते. गिटार काही कातावर फिरत नाही, त्यामुळे माझ्या वाट्याला आली ती पॉलिशवाल्यांची रीत: चपडा लाख, म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे, स्पिरिटमध्ये विरघळवून हाताने. सावंतवाडीत कपाटांना पॉलिश मारणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिरांनी मला समोर बसवून शिकवलं. त्यांची पहिली अट होती: "पावसात हात लावू नको. पांढरी फटक पडतली." म्हणजे दिवाळी उलटेपर्यंत थांबणं आलं.

चपडा एक लिटर स्पिरिटला दोनशे ग्रॅम. स्पिरिट ताजं आणि घट्ट झाकणाचं हवं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि मग लाख धुरकट होते. रात्रभर ठेवून अधूनमधून हलवायचं. लाखेत थोडं मेण असतं, ते तळाला बसतं. वरचं नितळ मलमलीतून गाळून घ्यायचं. मेणासकट लावली तरी चालते, पण चकाकी मंद येते. तयार द्रावण फार साठवायचं नाही, काही महिन्यांनी ते नीट वाळेनासं होतं.

पहिला हात अगदी पातळ, आतल्या सगळ्या खोबणींनाही आणि स्क्रूंच्या भोकांनाही. तिथला उघडा माथा, म्हणजे लाकडाचा आडवा छेद, पाणी पितो आणि तिथे कोणी बघत नाही म्हणून सगळे सोडून देतात. मग रंध्रं भरणं. कारागीर खडूची पावडर, गेरू आणि चिमूटभर पिवडी लाखेच्या पाण्यात कालवून गोणपाटाने आडव्या रेषेत चोळतात. मी गेरू जरा जास्त घातला. वाळल्यावर ३२० नंबरच्या पेपरने पुसून काढलं तसा लाकडाला एक खोल तांबडा रंग राहिला, आमच्या कातळावरच्या मातीपेक्षा थोडा गडद.

त्यानंतर नुसती पुरचुंडी. आत कापूस, बाहेर धुतलेलं जुनं सुती कापड, कापसाला लाख पाजायची, कापडाच्या तोंडावर जवसाच्या तेलाचा एक ठिपका, आणि गोल गोल फिरवत राहायचं. थांबायचं नाही. थांबलात की चिंधी चिकटली आणि खालचा थर उचलला. तेल फक्त घसरण्यासाठी. शेवटी स्पिरिटच्या ओलसर चिंधीने ते बाहेर काढायचं. सकाळी दव असतं म्हणून उन्हं खळ्यात आल्यावर सुरुवात आणि सूर्य कलला की बंद. किती हात मारले ते मोजले नाहीत. मोजणारा माणूस या कामाला बसत नाही. कडा आणि शिंगांच्या आतली वळणं सगळ्यात त्रासाची, तिथे पुरचुंडी टोकदार करून घ्यावी लागते. मधे मधे आठवडाभर सोडून दिलं की लेप आकसून रंध्रं परत दिसू लागतात, मग पुन्हा. शेवटच्या टप्प्यात हजार आणि दीड हजार नंबरचा पेपर, पाण्याऐवजी तेलाच्या थेंबाने.

मामा बघायला आला. गिटार उलटीसुलटी केली, उजेडात धरली. "माझी गिटार काळी-तांबडी हुती. ह्यां काय केलंस रे?" मग बराच वेळ ती खाली ठेवली नाही.

मानेला लाख नाही लावली. हाताच्या घामाने ती तळव्याला चिकटते. तिथे जुना लेप चांगला होता, तो फक्त मंद करून घेतला. मानेवर बोटं टेकतात त्या शिसवीच्या फिंगरबोर्डवर मात्र घरात वाद झाला. आईचं मत: "खोबरेल लाव, तां खंयच्याय लाकडाक चालता." खोबरेल कालांतराने खवट होतं आणि थंडीत थिजतं, म्हणून मी मिनरल ऑइल वापरलं. फ्रेट, म्हणजे फिंगरबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, हिरवे झाले होते, त्यांना आमसूल सुचवलं गेलं. तांब्याच्या भांड्यांना ठीक आहे, पण आंबट पाणी लाकडात आणि फ्रेटच्या मुळाशी नको. टेप लावून लाकूड झाकलं आणि मेटल पॉलिशने घासले.

मानेचा बाक मोजायला गॅरेजमधलं फिलर गेज घेतलं, स्पार्क प्लगची फट मोजतात तेच. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धरायची आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर खाली किती फट आहे ते बघायचं. पाव मिलिमीटरच्या आसपास हवी. इथे दुपटीहून जास्त होती. ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतली बाक सांभाळणारी सळी, पाव फेरा फिरवायचा आणि रात्रभर सोडायचा, घाई केली तर रॉड तुटतो. मग सॅडल. नटापासून, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा टेकतात त्या खाचांच्या पट्टीपासून, बाराव्या फ्रेटचं अंतर ३२४ मिलिमीटर, म्हणून सॅडल सुरुवातीला ६४८वर ठेवून थोडे मागे घेतले, आणि बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर एक येईपर्यंत प्रत्येक तार वेगळी लावली. दाबलेला चढा आला तर सॅडल मागे, उतरला तर पुढे.

लाखेचे तोटे आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. ती मऊ असते. उन्हात उभ्या गाडीत गिटार ठेवली तर केसचं कापड त्यावर उमटतं. दारू सांडली तर विरघळते, त्यामुळे शिमग्यात कोणी मागितली तरी बाहेर नेऊ दिली नाही. आणि घामाने झिजते. वैशाखात उजवा कोपर टेकतो तिथे एक फिकट डाग पडला. स्पिरिटच्या चिंधीने पुसलं, त्याच जुन्या पुरचुंडीने थोडी लाख चढवली. नवी लाख जुनीला थोडं विरघळवून तिच्यात मिसळते, त्यामुळे जोड दिसत नाही. चहा होईपर्यंत काम झालं होतं.

आता पाऊस लागला आहे. गिटार केसमध्ये नाही, आतल्या खोलीत चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीपासून दूर टांगली आहे. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसल्या नाहीत तर आठवड्यात खरखरतात, म्हणून लेप दिलेल्या तारा घेतल्या, महाग पडल्या तरी. दमट हवेने मान थोडी हललीय. मधलं पिकपही जरा वर राहिलंय, जोरात वाजवलं की प्लेक्ट्रम, म्हणजे तारा छेडायची चकती, त्याच्यावर आपटतो. दोन स्क्रू फिरवायचे आहेत, ते पावसातही होईल.